उन्हातला गड आणि दोन बाटल्या पाणी

मुंबई, प्रतिनिधी

शीव स्थानकापासून चालत गेल्यास काही मिनिटांच्या अंतरावर शीवचा किल्ला आहे. जेरार्ड ऑन्जियर मुंबईचा गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ या काळात, इंग्रजांनी तो बांधला. त्यांच्या ताब्यातील परळ बेट इथे संपत असे आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होत असे. शीव हे नावच मुळी हद्दीचे आहे. टेकडी इतकी लहान, की सकाळी फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळीही ती सहज चढतात. मात्र हीच टेकडी एप्रिलमध्ये दुपारी बाराच्या सुमारास चढून पाहावी. माथ्यावर पोहोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटतो, घसा कोरडा पडतो आणि खालच्या बागेतल्या झाडांची सावली फार दूर गेल्यासारखी वाटू लागते. चढ असतो जेमतेम दहा मिनिटांचा.

एवढ्या अनुभवाच्या शिदोरीवर आणि पाण्याच्या दोन बाटल्यांवर याच परिसरातील अनेक तरुण शनिवार-रविवारी कुर्ल्याला गाडी बदलून कर्जत, नेरळ, आसनगाव किंवा कसाऱ्याकडे निघतात. मुंबईकरांना सह्याद्री मध्य रेल्वेने जवळ आणून दिला आहे. दीड-दोन तासांच्या प्रवासानंतर माणूस माहुली, पेठचा किल्ला, गोरखगड किंवा भीमाशंकरच्या शिडी घाटाच्या पायथ्याशी जाऊन पोहोचतो. पूर्वी डोंगरभटक्यांचे साधे पंचांग होते. पावसाळा आणि दिवाळीनंतरची थंडी हे चढाईचे दिवस. होळी झाली की दिवसाच्या मोठ्या चढाया बंद. अलीकडे हे पंचांग विस्मरणात गेलेले दिसते. एप्रिलमधील जोडसुट्ट्या, मोबाइलवर पाहिलेली कुणाची तरी हिरवीगार चित्रफीत आणि ऐन वेळी ठरलेला बेत एवढ्यावर गट निघतात. चित्रफीत ऑगस्टमधली होती, हे भर एप्रिलमध्ये डोंगराच्या मध्यावर लक्षात येते.

उन्हात अडकलेल्या गिर्यारोहकांची सुटका म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील अॅरिझोनाचे वाळवंट किंवा डेथ व्हॅली येते. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जगातील सर्वाधिक तापमानाची ही अधिकृत नोंद मानली जाते. महाराष्ट्रात असे वाळवंट नाही, हे खरे. परंतु मार्च २०१७ मध्ये रायगड जिल्ह्यातील भिरा येथे पारा ४६.५ अंशांवर गेला आणि देशभर त्याची चर्चा झाली. भिरा हे गाव ताम्हिणी घाटाच्या कुशीत, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. देवकुंड धबधब्याकडे जाणारे हजारो पर्यटक याच परिसरातून जातात.

मुंबईच्या उन्हावरून डोंगराचे ऊन मोजता येत नाही

फेब्रुवारीअखेरपासून मे महिन्यापर्यंत कोकणपट्टीत दोन वाऱ्यांची ओढाताण चालू असते. देशावरून येणारे पूर्वेचे वारे घाट उतरताना दाबले जातात आणि अधिकच तापतात. दुपारच्या सुमारास समुद्रावरून येणारा वारा त्यांना मागे रेटतो. तो वेळेवर आला, तर दादर, शीव भागात पारा उतरतो. तो उशिरा आला, तर मुंबईतही चाळिशीची वार्ता होते. घाटाच्या पायथ्यापर्यंत हा समुद्रवारा पोहोचायला बराच उशीर लागतो आणि पोहोचेपर्यंत त्याचा गारवाही उरत नाही. त्यामुळे सकाळी घरातून निघताना खिडकीत जाणवलेली हवा कर्जतच्या दुपारचा कोणताही अंदाज देत नाही.

दुसरी चूक आकड्यांच्या वाचनात होते. वर्तमानपत्रात छापले जाणारे तापमान हे सावलीतले असते. वेधशाळेचा तापमापक हवेशीर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो. गडाच्या वाटेवर अशी पेटी नसते. तिथे वरून ऊन आणि खालून तापलेला काळा कातळ असतो. शिवाय उष्णतेबरोबर आर्द्रतेचाही विचार करावा लागतो. तापमान ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर उष्मा निर्देशांकाच्या तक्त्यानुसार शरीराला ते सुमारे ४५ अंशांसारखे जाणवते. हा हिशेबही सावलीपुरताच. थेट उन्हात त्यात आणखी आठ अंशांपर्यंत भर पडू शकते. हवामान खात्यानेही किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष वेगळा ठेवला आहे. मैदानी भागात किमान ४० अंशांचा विचार होतो, तर किनारपट्टीवर तापमान ३७ अंशांवर गेले आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असले, तरी ती लाट मानली जाते.

याचे सर्वांत दाहक उदाहरण डोंगरातले नाही, खारघरचे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथील मैदानावर झालेल्या महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील पारा चाळिशीच्या आतच होता. ती माणसे डोंगर चढत नव्हती; भर उन्हात तासन् तास बसून होती.

घामाचा हिशेब

चढणाऱ्या माणसाचे काय होते, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. मानवी स्नायू हे यंत्र म्हणून फारसे काटकसरी नाहीत. खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. पाठीवर पिशवी घेऊन खडा चढ चढणाऱ्याच्या शरीरात तासाला पाचशे ते सहाशे किलोकॅलरी उष्णता तयार होऊ शकते. ती बाहेर टाकण्याचा निसर्गाने दिलेला मुख्य उपाय म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. म्हणजे तासाभराच्या चढाईला साधारण एक लिटर घामाचा खर्च आहे.

या हिशेबातील 'वाळला, तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. वाळवंटातील कोरड्या हवेत घाम इतक्या झपाट्याने वाळतो, की माणसाला तो येत असल्याचेही कळत नाही आणि शरीर नकळत कोरडे पडते. कोकणात नेमके उलटे घडते. दमट हवेत घाम वाळत नाही, थेंबाथेंबाने निथळून जातो. पाणी आणि क्षार जातात, गारवा मात्र मिळत नाही. भोवतालची हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा अधिक तापलेली असेल, तर ती शरीराला गार करण्याऐवजी आणखी तापवते. अंगावर वारा घेतल्याने बरे वाटेल ही अपेक्षा तेव्हा फसते.

आता दोन बाटल्यांकडे वळू. माहुलीची चढाई साधारण तीन तासांची, उतरण दोन-अडीच तासांची. तासाला पाऊण लिटर धरले, तरी एका माणसाला सुमारे चार लिटर पाणी लागते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या पिशवीत दोन लिटर असते आणि त्यातला बराचसा भाग पहिल्या तासातच संपतो. 'वर टाक्यात पाणी मिळेल' हे वाक्य डोंगरात फार ऐकू येते. पावसाळ्यात आणि थंडीत ते बहुतेक ठिकाणी खरेही असते. एप्रिल-मेमध्ये मात्र अनेक गडांवरील टाकी आटलेली असतात, किंवा तळाशी हिरवट गाळ उरलेला असतो.

नुसते साधे पाणी घटाघटा पीत राहणे हाही उपाय नव्हे. घामाबरोबर मीठ जाते आणि वरून केवळ पाणी भरत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायकरीत्या घटू शकते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा ही त्याचीही लक्षणे असल्याने बरोबरची मंडळी त्याला आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती अधिकच बिघडते. औषधाच्या दुकानात मिळणारी क्षारसंजीवनीची पुडी, मीठ-साखरेचे लिंबू सरबत, ताक, कोकम सरबत आणि सोबत काही खारट खाणे हे आपल्या घरातले जुने उपाय इथे शास्त्रीयदृष्ट्याही योग्य ठरतात. थंडगार वातानुकूलित कार्यालयात आठवडा काढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उन्हाची सवय लागायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात आणि ती शनिवारी सकाळी एकदम लागत नाही.

आधी सुटते ते भान

पायात पेटके येणे, डोके ठणकणे, मळमळ, चक्कर हा पहिला टप्पा. या अवस्थेत सावली, विश्रांती आणि क्षारयुक्त पाणी मिळाले, तर माणूस सावरतो. मात्र उलट्या सुरू झाल्या, की प्यालेले पाणी पोटात टिकत नाही आणि घसरण वेगाने होते. शरीराचे अंतर्गत तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि मेंदूवर परिणाम दिसू लागला, की तो उष्माघात. उष्माघातात अंग कोरडे पडते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चालता-चढताना होणाऱ्या उष्माघातात ते खरे असतेच असे नाही; माणूस घामाने चिंब असतानाही कोसळू शकतो.

इथे या विषयातील सर्वांत घातक गोष्ट येते. उष्णता पाय थकवते, परंतु त्याच्याही आधी ती विचार बोथट करते. नेहमी शांत असणारा मित्र चिडचिड करू लागतो, साध्या वाटेवर अडखळतो, असंबद्ध बोलतो आणि वर 'मला काही झालेले नाही, चला पुढे' असा हट्ट धरतो. परत फिरायचे की नाही, हे ठरवण्याची वेळ येते तेव्हा ते ठरवणारे डोकेच धड राहिलेले नसते. म्हणून परतीची वेळ घरी, गार डोक्याने ठरवून घ्यावी लागते. नऊ वाजता जिथे असू तिथून मागे, किंवा निम्मे पाणी संपले की मागे, असा एखादा साधा दंडक पुरतो. तो वाटेवर बदलायचा नाही, एवढे पथ्य गटाने पाळायला हवे. माथा शंभर पावलांवर दिसत असताना हे कठीण जाते, याची प्रस्तुत प्रतिनिधीला कल्पना आहे.

कुणाला उष्माघात झालाच, तर त्याला उचलून खाली पळवण्याआधी जागीच गार करणे महत्त्वाचे. सावलीत न्यावे, जादा कपडे काढावेत, अंगावर पाणी ओतावे आणि टोपीने, चादरीने, हाताला येईल त्याने वारा घालावा. मान, काखा आणि जांघा या ठिकाणी ओले फडके ठेवावे. पहिल्या अर्ध्या तासात शरीर किती गार झाले, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. तापावरच्या गोळीचा इथे उपयोग नाही. पिण्याचे पाणी अंगावर ओतायचे म्हणजे गटाकडे ते शिल्लक असायला हवे, आणि तिथेच बहुतेक वेळा अडते.

हाक दिल्यानंतर

मदतीची हाक गेल्यावर काय घडते, याची शहरात फारशी कल्पना नसते. ११२ किंवा १०८ क्रमांक फिरवला, की काही मिनिटांत गाडी दाराशी येईल हा अनुभव रस्त्यावरचा आहे. रुग्णवाहिका फार तर पायथ्याच्या गावापर्यंत येते. त्यापुढचा रस्ता पायांचा. नळीत किंवा दाट रानात मोबाइलला संपर्क नसतो. असला तर दिवसभर छायाचित्रे काढून त्याची शक्ती संपत आलेली असते.

सर्वप्रथम पोहोचतात ते गावकरी. त्यानंतर लोणावळ्याचे 'शिवदुर्ग मित्र', खोपोलीचे 'यशवंती हायकर्स' यांसारख्या संस्थांचे स्वयंसेवक. राज्यभरातील अशा पथकांत समन्वय ठेवण्याचे काम महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर करते. ही पगारी माणसे नव्हेत. कुणाचे दुकान असते, कुणाची नोकरी. फोन आला, की हातातले काम टाकून दोर, स्ट्रेचर आणि पाणी घेऊन ते निघतात आणि ज्या उन्हाने समोरचा कोसळला, त्याच उन्हात दुप्पट ओझे घेऊन चढतात. चालू न शकणाऱ्या माणसाला स्ट्रेचरवरून खाली आणायचे, तर सहा ते आठ जणांनी आळीपाळीने खांदे बदलावे लागतात. दोन तासांची उतरण अशा वेळी पाच-सहा तासांची होते. पथकातला एखादाही उन्हाने आजारी पडला, तर खाली नेण्याची माणसे दोन होतात.

मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळील नागफणीच्या परिसरात वाट चुकला. तसे त्याने घरच्यांना फोनवर कळवले आणि नंतर संपर्क तुटला. स्थानिक पथके, पोलीस आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल अशा सर्वांनी शोध घेतला. चौथ्या दिवशी खोल दरीत मृतदेहच हाती लागला. हा मृत्यू उन्हाने झाला, असे म्हणता येणार नाही. मात्र मुंबई-पुण्याच्या मधोमध, दर आठवड्याला शेकडो लोक जातात अशा ठिकाणीही एकट्या माणसाला शोधायला किती काळ लागतो, हे त्यातून दिसले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत केरळमधील पालक्काडजवळ मलंपुळा येथे एक तरुण मित्रांसह डोंगर चढायला गेला. मित्र अर्ध्यातून परतले, तो पुढे गेला आणि घसरून कड्यातील एका कपारीत अडकला. अन्नपाण्याविना, दिवसा उन्हात आणि रात्री गारठ्यात त्याने सुमारे ४५ तास काढले. हेलिकॉप्टरचा प्रयत्न निष्फळ ठरला. अखेर ९ फेब्रुवारी रोजी लष्कराचे जवान दोराने त्याच्यापर्यंत पोहोचले. त्यांनी आधी त्याला पाणी पाजले आणि मग वर ओढून घेतले.

हेलिकॉप्टरविषयीचा गैरसमजही दूर करायला हवा. तापलेली हवा विरळ होते आणि पंखांना पुरेशी उचल मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये डेथ व्हॅलीत उन्हाने कोसळलेल्या मोटारसायकलस्वारांच्या मदतीसाठी वैद्यकीय हेलिकॉप्टर याच कारणाने येऊ शकले नव्हते. त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू झाला. ऊन जितके अधिक, तितकी आकाशातून येणारी मदत अनिश्चित, असा हा उफराटा व्यवहार आहे.

अॅरिझोनातील फिनिक्स शहराने यावर एक कठोर मार्ग काढला. तेथील कॅमलबॅक पर्वत आणि पिएस्टेवा शिखर ही शहरालगतची लोकप्रिय ठिकाणे. २०२१ च्या उन्हाळ्यात लोकांना वाचवताना अग्निशमन दलाचे अनेक जवानच उष्णतेने आजारी पडले. त्यानंतर अतिउष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी या वाटा भर दुपारी बंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे बंदीचे आदेश पावसाळ्यात, धबधब्यांसाठी निघतात. सह्याद्रीतील प्रत्येक वाटेवर उन्हासाठी पहारा बसवणे शक्य नाही आणि कदाचित योग्यही नाही. मात्र रेल्वे स्थानकावर आणि पायथ्याच्या गावात त्या दिवसाचा इशारा लिहिलेला एखादा फलक लावायला फार मोठी यंत्रणा लागू नये.

अमेरिकेतीलच ग्रँड कॅन्यनच्या काठावरचे फलक पर्यटकांना बजावतात, की नदीपर्यंत उतरून एकाच दिवसात परत वर येण्याचा प्रयत्न करू नका. तिथे सोपी उतरण आधी येते आणि चढण दुपारी, थकल्यावर. सह्याद्रीतही असे सापळे आहेत. माथेरान किंवा भीमाशंकरहून गार हवेत उतरायला सुरुवात करणारा कोकणात पोहोचतो, तेव्हा भर दुपार झालेली असते. दर हजार मीटर उतरल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी वाढते. गड चढून उशिरा परतणाऱ्यालाही हाच नियम लागू. पाणी संपलेले असताना तो अधिक तापलेल्या हवेत उतरत असतो. जाणकार भटके म्हणूनच उन्हाळ्यात पहाटे चारच्या सुमारास विजेरी घेऊन निघतात, आठच्या आत माथा गाठतात आणि दहा-साडेदहापर्यंत पायथ्याच्या गावात परततात.

पायथ्याच्या गावात आल्यावर पहिली मागणी असते ती पाण्याची, आणि कुणी नाही म्हणत नाही. हंड्यातले पाणी तांब्यात ओतून पुढे केले जाते. माहुली ज्या शहापूर तालुक्यात आहे, त्याच परिसरातील तानसा, मोडकसागर आणि भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईच्या नळांना येते. गडाच्या माथ्यावरून तानसाचा विस्तीर्ण जलाशय दिसतोही. त्या तालुक्यातील कित्येक गावपाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. शहरातून निघताना घरच्या नळावर भरून घेता आले असते, तेच पाणी मग तिथल्या एखाद्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्यातून मागावे लागते.